गुरुवारचं खवलं

बायकोचा गुडघा दुखायचा थांबला, आणि चारुदत्त टिपणिसांच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने देवापुढे साखर ठेवली असती. टिपणिसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "थांबला म्हणजे?"

"थांबला म्हणजे थांबला," कुमुद भेंडी चिरता चिरता म्हणाली. "आराम पडलाय मला."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? पडला आपला."

"आपोआप?"

"हो. आपोआप."

आता 'आपोआप' हा शब्द टिपणिसांसमोर काढायचा नसतो, हे त्यांच्या सोसायटीतल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं. त्यांची सगळी नोकरी एका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेली होती. कुठे गोदामाला आग लागली, कुठे टेम्पो खाडीत गेला, कुठे पोल्ट्रीतल्या कोंबड्या माना टाकून पडल्या, की टिपणीस तिथे हजर. हातात काठी, खिशात रुमाल. राखेत काठी फिरवायची, रुमाल नाकाला लावायचा आणि मालकाला विचारायचं, आग कशी लागली? ज्या मालकाने 'आपोआप लागली हो साहेब' असं सांगितलं, त्याच्या गोदामात हमखास रिकामी खोकी जळालेली निघायची. जगात आपोआप काही होत नाही, अशी टिपणिसांची खात्री झाली ती तिथे. पुढे नोकरी संपली, पण खात्री पेन्शनीत निघाली नाही.

कलिंगडवाल्याने कलिंगड कापून दाखवलं, तर हा एवढा का दाखवतोय म्हणून टिपणीस शेजारचं न कापलेलं घेत. वॉचमनने एका दिवसात दोनदा सलाम ठोकला, तर ते वर येऊन चपला मोजत. मुलीला, चारुताला, दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा बाप पेढे आणायच्या आधी शाळेत गेला होता. "बेरजेत काही गडबड नाही ना झाली?" असं त्याने मास्तरांना विचारलं. चारुता आता पुण्यात दोन मुलांची आई आहे आणि अजून ती गोष्ट सांगते. कुमुदची गोष्ट त्याहून जुनी. तिला बघायला टिपणीस शिरढोणला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलीकडून लगेच होकार आला. तर ह्या गृहस्थाने मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्या पटकन? मुलीत काही दोष नाही ना?"

"दोष होता," कुमुद आजही पाहुण्यांना सांगते. "मुलीला माणसाची पारख नव्हती."

पण ह्या वेळचा संशय गमतीचा नव्हता. गुडघ्याच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरून सांगितलं होतं की वाटी पार झिजली आहे, दिवाळीच्या आधी ऑपरेशन करून टाकलेलं बरं. फार उशीर केला तर पुढे पाय सरळ होणंही कठीण. मात्र दुखणं खरंच कमी झालं असेल तर आणखी थोडं थांबता येईल. काय ते शनिवारपर्यंत कळवा, तारीख धरून ठेवतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात कुमुदला आराम पडला. खरा पडला असेल, तर उगाच कशाला चिरफाड? खोटा असेल, तर ही बाई उद्या जिन्यावर कायमची अडकून बसेल. निर्णय टिपणिसांनी घ्यायचा होता, आणि हातात पुरावा नव्हता.

नुकसान झालंय असं खोटं सांगणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. नुकसान भरून आलंय असं खोटं सांगणारं माणूस त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच समोर आलं होतं, आणि ते घरातच भेंडी चिरत होतं.

त्यात भर म्हणून त्याच आठवड्यात जगनरावांनी त्यांच्या गळ्यात एक शब्द बांधला होता.

जगनराव म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस. वडाळे तलावाजवळच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संघाचा 'एक शब्द, एक चहा' असा कार्यक्रम असतो. एका सभासदाने एक इंग्रजी शब्द घ्यायचा, तो कुठून आला, त्याचे अर्थ काय, हे सांगायचं, आणि मग सगळ्यांनी चहा प्यायचा. बहुतेक मंडळी चहासाठी येतात, पण शब्द संपल्याशिवाय चहा मिळत नाही हा जगनरावांचा नियम. ह्या वेळी पाळी टिपणिसांची होती.

"तुम्हाला शब्द काढून ठेवलाय," जगनराव फोनवर खिदळत म्हणाले होते. "रिलीफ!"

"हाच का?"

"बघा! म्हणूनच. तुम्हाला आयुष्यात एकदा तरी तो मिळावा म्हणून."

टिपणिसांनी शब्द घेतला आणि त्याच्यावरही पाळत ठेवली. दोन शब्दकोश उघडले, नातवाने शिकवलं तसं मोबाईलवर शोधलं, आणि जसजसं सापडत गेलं तसतशी त्यांची भुवई वर चढत गेली. औषधाच्या जाहिरातीत रिलीफ म्हणजे दुखणं कमी होणं. पूर आला की रिलीफ म्हणजे तांदूळ आणि घोंगड्या. कोर्टात वकील मागतो तोही रिलीफ. आयकरात मिळतो (किंवा मिळत नाही) तोही रिलीफ. वेढा पडलेल्या गावाला बाहेरून फौज येऊन सोडवते, त्याला इंग्रज गावाचा रिलीफ म्हणतो. देवळाच्या भिंतीवर दगडातून वर उठून आलेली नक्षी, तीही रिलीफ. शाळेत भूगोलाच्या सरांकडे सह्याद्रीचा उंचसखल नकाशा होता, बोट फिरवलं की घाट लागायचा, तोही त्याच खात्यातला. खाली गेटवरचा वॉचमन रोज संध्याकाळी घड्याळाकडे बघत ज्याची वाट पाहतो, तो रिलीव्हर. आणि साहेब लोक झाडामागे जाऊन काय करतात त्यालाही हाच शब्द आहे, पण तो अर्थ भगिनींसमोर सांगावा की न सांगावा हे टिपणिसांचं अजून ठरत नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी भाषणाचा सराव कुमुदसमोर केला.

"जुन्या काळी फ्रान्सात रिलीफ म्हणजे पानात उरलेलं उष्टंसुद्धा होतं," ते म्हणाले. "आणि बाप मेला की मुलाने जमीन ताब्यात घेताना सरदाराला जो नजराणा द्यायचा, तोही रिलीफ. म्हणजे सुटका कुणाची, तर सरदाराची! ज्याला इतकी टोपणनावं आहेत ना कुमुद, तो सरळ माणूस नसतो. तसा शब्दही सरळ नसतो."

"मूळ काय त्याचं?" कुमुदने जांभई देत विचारलं.

"मूळ लॅटिन. रेलेवारे. म्हणजे पुन्हा वर उचलणं, ओझं हलकं करणं. आपली लिव्हर, तरफ म्हणतो बघ, ती ह्याच घराण्यातली. लिफ्टला अमेरिकन माणूस एलिव्हेटर म्हणतो, तोही चुलतभाऊ."

"आपल्या बिल्डिंगला नाही," कुमुद म्हणाली आणि उठली. उठताना तिने टेबलाला हात टेकला नाही. एरवी टेकायची. टिपणिसांनी ते पाहिलं. न टेकण्यात जरा जास्तच जोर होता असंही त्यांना वाटलं.

गुडघा पहिल्यांदा दुखायला लागला तेव्हा त्यांनी पाहणी अगदी मनापासून केली होती. कुमुदने 'आई गं' म्हटलं की ते पेपर बाजूला ठेवत. कुठे दुखतं? आतून की बाहेरून? कधीपासून? काल संध्याकाळी तर डावा म्हणाली होतीस, आज उजवा कसा? चढताना जास्त की उतरताना? ठणका आहे की कळ? कळ असेल तर ती जाते कुठे? नक्की आठवून सांग. कुमुद सांगायची. मग ते त्यात विसंगती शोधायचे, कारण विसंगती सापडल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. ह्या सगळ्याला टिपणीस काळजी म्हणत. आणि ती काळजी होतीच. फक्त तिचा आवाज विमा कंपनीच्या लेटरहेडसारखा यायचा.

आता मात्र चौकशी करायची तर कोणाची? दुखतच नव्हतं ना! म्हणून त्यांनी गुपचूप तपास सुरू केला. मलमाची ट्यूब तशीच फुगलेली होती, म्हणजे लावत नाही. गरम पाण्याची पिशवी कोरडी, म्हणजे शेकत नाही. आणि दुपारचा चहा झाला की कुमुद पिशवी घेऊन बाहेर पडते, तासाभराने येते, आणि येते ती हसऱ्या चेहऱ्याने. कुठे गेली होतीस? तर, जरा पाय मोकळे करायला. झिजलेला पाय मोकळा कुणी करतं का? एखाद्या भोंदू वैदूच्या नादी तर लागली नाही ना? पुड्या, काढे, कसलंतरी तेल?

गुरुवारी दुपारी पुरावा सापडला.

कुमुद बाहेरून आली, पंख्याखाली बसली, आणि तिच्या साडीच्या काठाला काहीतरी चमकलं. टिपणिसांनी वाकून चिमटीत धरलं. माशाचं खवलं! चांगलं टपोरं, बहुधा रावसाचं.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. टिपणिसांच्या घरात सोमवारी मासे शिजत नाहीत, गुरुवारी शिजत नाहीत, आणि बाकीचे वार मासे शिजण्यासाठीच असतात. गुरुवारच्या दिवशी ह्या घरात खवलं म्हणजे मशिदीत तुतारी. टिपणिसांनी हलकेच कुमुदच्या हाताचा वास घेतला. लिंबू. माशाचा वास जावा म्हणून ताज्या लिंबाने हात धुऊन आली होती.

"काय हुंगताय?"

"काही नाही. गजरा घातलायस का?"

"मी? गजरा? आज? तुमची तब्येत बरी आहे ना?"

रात्रभर ते खवलं त्यांनी चष्म्याच्या डबीत जपून ठेवलं.

शुक्रवारी कुमुद बाहेर पडली आणि मागोमाग टिपणीस निघाले. ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी करोनातला मास्क तोंडावर चढवला आणि महाबळेश्वरला घेतलेली माकडटोपी डोक्यात घातली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. सबंध पनवेलमध्ये त्या दुपारी माकडटोपी घातलेला एकच इसम होता, आणि तो स्वतःला अदृश्य समजत होता. रिक्षावाले मान वळवून बघत होते. नारळवाल्याने तर "काका, बरं नाही का?" असं विचारलंसुद्धा. टिपणिसांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि पुढे सटकले.

कुमुद हळू चालत होती. एवढी हळू, की मागे राहण्यासाठी टिपणिसांना दोनदा थांबून दुकानाच्या पाट्या वाचाव्या लागल्या. शेवटी ती वळली ती उरण नाक्याकडच्या मासळी बाजारात. बाहेर, भिंतीच्या सावलीत, एक कोळीण बसली होती. पुढ्यात बोंबील, मांदेली, दोन-चार पापलेटं, बर्फ, सुरी. शेजारी एक पालथा घातलेला प्लास्टिकचा क्रेट, त्यावर गोणपाटाची घडी. कुमुद येऊन थेट त्या क्रेटवर बसली. म्हणजे ती घडी तिच्यासाठीच होती!

कोळिणीला टिपणिसांनी ओळखलं. कृष्णाबाई. उरणजवळच्या करंजा गावची. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार यायची, त्यांच्या बिल्डिंगचे जिनेही चढायची. टिपणीस प्रत्येक माशाचे कल्ले उचलून तीन तीनदा बघत, वर "हा कालचा नाही कशावरून?" असं विचारत. शेवटी एकदा तिने पाटी उचलली आणि सांगितलं, "वयनी, तुमी एकल्या असाल तवा हाक मारा. ह्ये सायेब माज्या मासल्याची साक्ष काढतात." तेव्हापासून मासे घ्यायचं काम कुमुदकडे गेलं ते गेलंच. पुढे कृष्णाबाईचं दारोदार येणं बंद झालं, हे टिपणिसांना ठाऊक होतं. का बंद झालं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडोशाला टिपणीस उभे राहिले आणि कान लांब केले.

"दुकतंय?" कृष्णाबाईने विचारलं.

"दुखतंय गं," कुमुद म्हणाली. "आज नुसता जीव घेतोय."

"माजा पन."

"मेल्याला सकाळपासून वाकायचंच नाही."

"नाय वाकनार. हा माजा डावा बग," कृष्णाबाईने गुडघ्यावर चापट मारली, "ह्याला मी दयाराम नाव ठेवलंय. माज्या मालकाचं. सांगितलेलं कदी ऐकत नाय, आन वाकला की कुरकुरतो."

कुमुद हसली. अशी, की क्रेट करकरला. "मग माझ्या उजव्याचं नाव चारुदत्त."

"त्यो काय करतो?"

"तो प्रश्न विचारतो!"

दोघी हसत सुटल्या. टेम्पोमागे चारुदत्तांच्या टोपीतून घामाचा एक थेंब निघाला आणि सावकाश मानेवरून खाली गेला. इथे वैदू नव्हता, पुडी नव्हती, तेल नव्हतं. आराम पडलेलाच नव्हता. म्हणजे संशय खरा होता! कुमुद खोटं बोलली होती. असा छडा लागला की टिपणिसांना एरवी भूक लागायची. आज काही लागली नाही.

"घरी सांगितलंस का पन?" कृष्णाबाई सुरीची धार बघत म्हणाली.

"घरी सांगायचं म्हणजे पुरावा द्यावा लागतो." कुमुदचं हसू ओसरलं होतं. "दुखतं म्हटलं की कुठे, कधी, कसं, काल असं म्हणालीस आज तसं कसं. अगं, दुखणारं माणूस काय लिहून ठेवतं का? दुखणं परवडलं, पण ती उलटतपासणी नको. म्हणून सांगून टाकलं, आराम पडला. मिटलं. प्रश्न बंद."

"आन आपरेशन?"

कुमुदने एक मांदेली उचलून परत ठेवली. "भीती वाटते गं मला. पण भीती वाटते असं म्हटलं तर विचारतील, नेमकी कशाची? मला नेमकं सांगता येत नाही. नुसती वाटते."

"वाटनारच. मला पन वाटंल," कृष्णाबाई म्हणाली आणि बोंबलावर पाणी मारलं. पुढे काही विचारलं नाही.

टिपणीस टेम्पोला टेकले. नोकरीत एक गोष्ट त्यांनी नवख्या पोरांना शंभरदा शिकवली होती. माणसाने दावा मागे घेतला म्हणजे नुकसान नव्हतं असं समजू नका, कधीकधी माणूस तुमच्या खेपांना कंटाळलेला असतो. पोरं ते शिकली. शिकवणारा घरी येऊन विसरला. त्यांना एकेक आठवू लागलं. टेबलाला न टेकलेला हात. जिन्यात मागे राहून 'तुम्ही व्हा पुढे, मी किल्ली शोधतेय' म्हणणं. किल्ली तर रोज त्यांच्याच खिशात असायची!

आता गुपचूप मागल्या पावली जावं, घरी जाऊन बसावं, आणि काय करायचं ते शांतपणे ठरवावं, असा विचार त्यांनी केला. तो अमलात यायला एक मिनिटही पुरलं असतं. पण तेवढ्यात उरणची एसटी नाक्यावर थांबली आणि तिच्यातून कृष्णाबाईची सून उतरली. दमयंती नाव तिचं. कंडक्टरने डोक्यावर चढवून दिलेला भलामोठा निळा टब, आत बर्फातला माल, वर ओलं गोणपाट. ती मान ताठ ठेवून भिंतीपाशी आली आणि उभी राहिली.

भरलेला टब डोक्यावरून एकटीला उतरवता येत नाही. दुसऱ्या बाजूने कुणीतरी धरावंच लागतं. त्यासाठी ओळखदेख लागत नाही. बाजारात, नाक्यावर, स्टँडवर, कोळिणीने 'हात लावा' म्हटलं की जो जवळ असेल त्याने लावायचा, मग तो बँकेचा मॅनेजर असो की सुटाबुटातला जावई. नाही म्हणणारा माणूस पनवेलमध्ये अजून जन्माला यायचाय.

कृष्णाबाईने उठायचा प्रयत्न केला, तो दयारामने हाणून पाडला. कुमुद उठली, अर्धी झाली, आणि "आई गं" करून परत क्रेटवर बसली. दमयंतीने मान न हलवता फक्त डोळे फिरवले, आणि ते टेम्पोमागे येऊन थांबले.

"ओ टोपीवालं काका! हात लावा!"

बाजारातल्या सगळ्या माना वळल्या. टिपणिसांनी मागे पाहिलं. मागे भिंत होती. ते पुढे झाले, टबाची कड धरली. वजन पाहून त्यांचे डोळेच पांढरे झाले. हे ही पोरगी डोक्यावर घेऊन उभी होती? टब कलला, बर्फाचं पाणी सरसरत आलं आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावरून पँटपर्यंत पोचलं, मास्क हनुवटीवर आला, टोपी एका डोळ्यावर. पण टब सुखरूप खाली टेकला. दमयंतीने मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली आणि "हाऽऽ" असा एक श्वास सोडला. दोन शब्दकोश पालथे घालूनही टिपणिसांना तो कुठे सापडला नव्हता.

"अहो?" कुमुद म्हणाली.

"अगं बाय माजे!" कृष्णाबाईने कपाळावर हात मारला. "ह्ये तर कल्लेवालं सायेब!"

"मी... इकडून चाललो होतो," टिपणीस म्हणाले.

"इकडून म्हणजे कुठून?" कुमुदने विचारलं.

"असंच."

"असंच म्हणजे? कधीपासून उभे होतात?"

"आत्ताच आलो."

"आत्ताच आलात तर शर्ट पाठीला घामाने कसा चिकटलाय? आणि ही टोपी?"

"थंडी वाजत होती."

"ऑक्टोबरात? कशाने?"

टिपणिसांनी आजूबाजूला पाहिलं. सुटायला जागा नव्हती.

"आपोआप," ते म्हणाले.

ह्यावर कृष्णाबाई जी हसायला लागली ती थांबेना. पलीकडच्या कोळिणी काय झालं म्हणून विचारायला लागल्या आणि दमयंती त्यांना टोपीपासून गोष्ट सांगू लागली. "सायेब, बसा आता," कृष्णाबाई डोळे पुसत म्हणाली. "बोंबील न्या. ताजं हाईत. का कल्ले बगायचे?"

बोंबलाचे कल्ले बघत नाहीत, तो हाताला कसा लागतो ते बघतात. हे टिपणिसांना पक्कं माहीत होतं. त्यांनी बोंबलांकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बांधा."

कृष्णाबाईने भुवया उंचावून कुमुदकडे पाहिलं. कुमुदने खांदे उडवले.

रिक्षा निघाली. कुमुद बाहेर बघत होती आणि टिपणीस मांडीवर बोंबील धरून बसले होते. त्यांच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली होती. कधीपासून लपवतेस? चारुताला माहीत आहे का? रात्री झोप लागते का? आणि, कृष्णाबाईला सांगता येतं ते मला का नाही? ह्या शेवटच्याचं उत्तर त्यांनी टेम्पोमागे ऐकलंच होतं. बाकीचेही तोंडाशी येत होते आणि ते एकेक गिळत होते. प्रश्न गिळणं इतकं कोरडं काम असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दोनदा ठसका लागला.

बिल्डिंग आली. पहिला जिना झाला. दुसऱ्याच्या वळणावर कुमुद थांबली. एरवी इथे ती किल्ली शोधायची. आज तिने पर्स उघडली नाही. कठड्याला धरून उभी राहिली, आणि टिपणीस एक पायरी खाली तिच्या बाजूला उभे राहिले.

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"दुखतंय हो," कुमुद म्हणाली.

टिपणिसांनी तोंड उघडलं. आतून की बाहेरून, हे अगदी जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी तोंड मिटलं. मग परत उघडलं.

"दुखत असेल," ते म्हणाले.

कुमुदने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"विचारणार नाही काही?"

"नाही."

"तुम्हाला बरं वाटतंय ना? ऊन तर लागलं नाही?" तिने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "काय लपवताय? डॉक्टरांचा फोन आला होता का?"

"नाही गं. आला नव्हता."

"नक्की?"

"नक्की."

तिचा विश्वास बसला नव्हता हे तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. पण कठडा सोडून तिने हात त्यांच्या खांद्यावर टाकला, चांगला वजन देऊन, आणि दोघं वर निघाली. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. वरचा शेजारी खाली येताना भिंतीला चिकटून उभा राहिला आणि ओल्या टिपणिसांच्या अंगाला येणाऱ्या वासाने बुचकळ्यात पडला.

दारापाशी पोचल्यावर कुमुद म्हणाली, "मला भीती वाटते. ऑपरेशनची."

"मलाही वाटते," टिपणीस म्हणाले. हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा.

"तुम्हाला कशाची?"

"नेमकं सांगता येत नाही."

कुमुद थोडी हसली. मग किल्लीसाठी हात पुढे केला. "धरून ठेवायला सांगा तारीख. करून टाकू दिवाळीच्या आधी. पण डॉक्टरांसमोर मी बोलणार. तुम्ही नुसतं बसायचं."

"बसेन."

एवढ्या पटकन कशी काय तयार झाली ही? टिपणिसांच्या मनात पाल पुन्हा चुकचुकली, अगदी शिरढोणला पोहे खाताना चुकचुकली होती तशीच. ती आता जाणारी पाल नव्हती. त्यांनी तिला चुकचुकू दिलं आणि आत जाऊन शर्ट बदलला. बाहीला एक खवलं चिकटलं होतं. ते त्यांनी झटकून टाकलं आणि चष्म्याच्या डबीतलं कालचंही काढून त्याच्यामागे टाकलं. मग स्वयंपाकघरात शिरले.

कुमुद बोंबील साफ करून हात धुवायला बेसिनपाशी आली, तेव्हा कडेवर अर्धं लिंबू कापून ठेवलेलं होतं. तिने ते उचललं, वास घेतला, आणि बाहेरच्या खोलीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "हे कशाला?"

बाहेरून वर्तमानपत्राची घडी उलगडल्याचा आवाज आला.

लिंबू मात्र तिने दोन्ही हातांना चोळलं.